भावजींचं हवामान खातं

आमचे भावजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान श्रीयुत हरिश्चंद्र चुरी, सरकारी कचेरीतल्या आवक-जावकच्या टेबलावरून निवृत्त झाले आणि दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी आभाळाचा कारभार हातात घेतला. आभाळाला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यानं लांबूनच हात जोडले असते.

विरार पूर्वेला मनवेलपाड्यात आमची इमारत. ते सगळ्यात वरच्या मजल्यावर, मी दुसऱ्या. गच्ची त्यांच्या डोक्यावर, म्हणून ती त्यांचीच, असा त्यांचा समज. मुंबईला येणारी-जाणारी विमानं आमच्या गच्चीवरून दिसतात. साधी माणसं मान वर करून एकदा बघतात आणि पुन्हा भाजी निवडायला लागतात. भावजी साधे थोडेच! त्यांनी मोबाईलवर कुठलं विमान कुठे निघालंय ते दाखवणारं ॲप घेतलं, गळ्यात दुर्बीण अडकवली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक विमानाची काळजी वाहायला सुरुवात केली. एवढी काळजी त्या वैमानिकांच्या आयांनीसुद्धा केली नसेल.

"विनया, वर ये!" अशी हाक जिन्यातून आली की समजायचं, ढग आलाय. मी कपड्यांची बादली घेऊन वर जायची, कारण तशीही जायचीच असायची.

"तो बघ, तुंगारेश्वरच्या डोंगरामागे. माथा पसरतोय बघ कसा, लोहाराच्या ऐरणीसारखा. आता यात जो कोणी वैमानिक शिरेल ना…" पुढचं वाक्य ते कधी पुरं करत नसत. भुवया वर करत. त्या भुवयांनी आजवर किती विमानं पाडली असतील, देव जाणे. खरी सगळी सुखरूप उतरली.

माणूस वाईट नाही हो. वाईट असता तर सोपं गेलं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. ताईला कधी वेडावाकडा शब्द बोलले नाहीत. बाजारातून पिशव्या स्वतः उचलून आणतात, ताईच्या चहात आलं किती लागतं ते त्यांना ठाऊक आहे. फक्त एक खोड. जे कळलं ते जगाला सांगितल्याशिवाय घास घशाखाली उतरत नाही, आणि जे कळलं नाही ते तर दुप्पट आवाजात सांगतात.

त्यातून भावजी बुद्धिवादी. घराच्या दाराला लिंबू-मिरची नाही. मांजर आडवं गेलं तर मांजरालाच रस्ता देणार. बागेतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावर, गणपतीच्या मांडवात, कुणाच्या साठीशांतीला जेवण वाढायला उशीर झाला तर तिथेही, ते अंधश्रद्धेवर बोलत. आणि त्यांचं सगळ्यात गाजलेलं व्याख्यान आमच्या ताईवर होतं.

आमची द्वारकाताई पायाळू. म्हणजे जन्मताना तिचं डोकं आधी न येता पाय आधी आले. गिरीजला आमच्या माहेरी, केळीच्या वाडीतल्या घरात ती झाली, आणि सुईण बाहेर येऊन आधी 'पायाळू' म्हणाली, मग 'मुलगी'. पायाळू माणसाच्या मागे आपल्याकडे दोन गोष्टी लागतात. पहिली म्हणजे लाथ. कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळूची हलकी लाथ बसायला हवी, की उसण उतरते. अर्ध्या गिरीजच्या पाठी ताईच्या पायाखालून गेल्यात. सरपंचाला लाथ मारलेली आमच्या घराण्यात ती एकटीच, आणि तीही त्यांच्या विनंतीवरून. आमच्या वाडीशेजारचा बेसिल, रविवारची चर्चमधली मिस्सा न चुकवणारा, अजूनही उसण भरली की गाडी काढून मनवेलपाड्याला येतो.

भावजी त्याला दारातच गाठत. "बेसिल, हे स्नायू आखडणं आहे. याचा लाथेशी काही संबंध नाही."

"हो अंकल," बेसिल कळवळत म्हणायचा, "पण जरा बाजूला व्हा. ताईंना पाय उचलायला जागा लागते."

दुसरी गोष्ट म्हणजे वीज. पायाळू माणसावर वीज पडते, असं सगळे म्हणतात. लहानपणी आभाळ गडगडलं की आई, वीज लोखंडावर जावी म्हणून, कोयता अंगणात फेकायची आणि ताईला पाटावर बसवून वर घोंगडी टाकायची. ताई घोंगडीत चिंचा खात बसायची. मी बाहेर कडकडाटात उघडी. वीज पडली असती तर माझ्यावर पडली असती, पण माझी काळजी कुणाला! मी बापडी डोक्याकडून आलेली.

तर भावजी व्याख्यानात ताईला मंचावर उभी करायचे. "ही माझी पत्नी. पायाळू. गिरीजच्या उघड्या वाडीत वाढली, माझ्याशी संसार केला. एकदा तरी वीज पडली का?" लोक टाळ्या वाजवायचे. "वीज उंच जागा बघते, पायाकडून जन्मलेलं माणूस बघत नाही!" पुन्हा टाळ्या. ताई बिचारी हसत उभी राहायची, आणि मला पहिल्या रांगेतून कळायचं की ती घरी गॅसवर ठेवलेल्या दुधाचा विचार करतेय.

आता नेत्राकडे येते. नेत्रा ही ताईची एकुलती एक मुलगी, लग्न होऊन मस्कतला. जावई मितेश तेल कंपनीच्या साईटवर, शहरापासून लांब वाळवंटात. आठवड्यातले बरेच दिवस तो तिकडेच. मागे नेत्राला दिवस गेले होते आणि सहाव्या महिन्यात सगळं गेलं. तेव्हा ताईचा पासपोर्टसुद्धा नव्हता. पोर एकटी दवाखान्यात गेली, एकटी घरी आली, आणि फोनवर आईला म्हणाली, 'मी बरी आहे.' त्या दिवशी ताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली आणि ओट्यावर डोकं ठेवून रडली. मी तिला आयुष्यात तेवढं एकदाच रडताना पाहिलं.

गेल्या वर्षी पुन्हा दिवस गेले. या वेळी पासपोर्ट आधी झाला, व्हिसा झाला. ऑक्टोबरच्या मधोमध सिझेरियनची तारीख दिली डॉक्टरांनी. नेत्राचं मागणं एकच होतं. "आई, मला काही नको. लाडू नको, मालिश नको. मी आत जाईन तेव्हा तू दाराशी हवीस, बस." ताईनं शब्द दिला. मितेशनं तिकीट काढलं, ऑक्टोबर लागता लागता निघायचं. ताई पहिल्यांदाच विमानात बसणार होती, एकटी. भावजी बारशाला जाणार, असं ठरलं. ताईनं राजेळी केळी आणून गच्चीवर सुकेळी वाळत घातली, डिंक तळला, आणि मोठ्या उत्साहात गुडघ्याला तेल चोळून घेतलं.

आणि मग भावजींनी वाचायला घेतलं.

काय वाचलं, तर विमानाला वीज लागते ती कुठल्या हवेत. देवा रे! आठवडाभर आम्हाला दुसरा विषय नव्हता. "ऐक, विनया. ऑक्टोबर हा सगळ्यात घातकी महिना. पावसाळ्यातला ढग नुसता पाणी ओततो. परतीच्या पावसाचा ढग वेगळा. सकाळपासून जमीन तापते, खाडीवरून दमट वारा येतो, डोंगराला अडून वर चढतो आणि दुपारी त्याचा मनोरा होतो. आत पाणी गोठायला लागतं त्या उंचीवर गारा आणि बर्फाचे कण एकमेकांवर घासतात. तिथे वीज तयार होते."

"मग विमान तिथे कशाला जातं?"

"जात नाही, टाळतं. पण चढताना आणि उतरताना त्याला त्या उंचीतून जावंच लागतं ना! बहुतेक विमानांना वीज लागते ती तिथेच. ढगात असताना, पाऊस चालू असताना, बारीक गचके बसत असताना. एकदा पार वर गेलं की धोका कमी. आणि खरी मेख पुढेच आहे." इथे आवाज खाली. "ढग कडाडत असायलाच हवा असं नाही. गप्प दिसणारा ढगही आतून भारलेला असतो. विमान शिरलं की विमानच वीज ओढून घेतं."

मी म्हटलं, "भावजी, एवढं ज्ञान घेऊन तुम्ही आवक-जावकच्या टेबलावर काय करत होतात? देशाचं नुकसान झालं." त्यांना ते कौतुक वाटलं.

तर पहिलं तिकीट दुपारचं होतं. भावजी ताईला म्हणाले, "अगं, विमान कंपनीनंच रद्द केलं. मितेशचा फोन होता." ताई म्हणाली, "बरं. पुढचं कधीचं?" पुढचं चार दिवसांनी मिळालं, सकाळचं. सकाळी आभाळ स्वच्छ असतं, तेव्हा मला वाटलं आता मिटलं. कसलं मिटतंय! अरबी समुद्रात कुठे तरी कमी दाबाचा पट्टा झाला. तो आमच्याकडे येणार नव्हता, मस्कतला तर नव्हताच नव्हता, पण भावजींनी त्याला ओढून आणला. तेही तिकीट 'कंपनीनं रद्द केलं'. ताईनं भरलेली बॅग परत उघडली, सुकेळी बाहेर काढून परत उन्हात टाकली.

मलाही शंका आली नाही, हे खरं. विमान कंपन्यांबद्दल आपण काहीही ऐकलं तरी विश्वास ठेवतो.

मग एका दुपारी नेत्राचा मला फोन आला. थेट मला. "मावशी, एक विचारू? खरं सांगशील?" आवाज इतका बारीक की मी हातातलं लाटणं ठेवलं. "आईला यायचं नाहीये का?"

"काहीतरीच काय! ती बॅग भरून बसलीय."

"मग बाबांनी मितेशला दोनदा का सांगितलं की आईचा गुडघा सुजलाय, तिकीट पुढे ढकल? मी आईला विचारलं, गुडघा कसा आहे. ती म्हणाली, त्याला काय धाड भरलीय! मावशी, गुडघा बरा आहे आणि तरी ती येत नाही, म्हणजे मी काय समजू? मागच्या वेळेसारखं होईल म्हणून घाबरते का ती? तसं असेल तर सांग. मी एकटी जाईन. गेलेय एकदा."

मी काय बोलले मला आठवत नाही. फोन ठेवला आणि मजले चढून गच्चीवर गेले तेव्हा दम लागला होता की संताप आला होता, तेही कळत नव्हतं. नाव हरिश्चंद्र! लेकीला एक थाप, बायकोला दुसरी, आणि मी मधे बसून पोळ्या लाटतेय!

भावजी दुर्बीण लावून कामण-चिंचोटीच्या दिशेला बघत होते.

"खाली ठेवा ती," मी म्हटलं. "ताईचा गुडघा कधी सुजला?"

दुर्बीण खाली आली. चेहरा उतरला, पण तोंड चालू. "हे बघ, विनया, तू हवेची परिस्थिती समजून घे. मी आकडे बघतोय. आठवडाभर थांबलं तर…"

"आठवडाभरानं तुमचं नातवंड पाळण्यात असेल! तोच लेख मीही वाचला, भावजी. मोबाईल मलाही आहे. तुम्ही जिथे थांबलात त्याच्या खाली अर्धा लेख बाकी आहे. विमानाला वीज लागते, बाहेरच्या पत्र्यावरून जाते, शेपटीकडून नाहीतर पंखाच्या टोकाकडून निघून जाते. आतल्या माणसाला एक उजेड आणि एक आवाज, संपलं. उतरल्यावर विमान तपासतात. त्यासाठीच बांधलेलं असतं ते. तुमचं वाचन वीज पडेपर्यंतच का? पडल्यावर काय होतं ते वाचायला काय पोट दुखतं?"

"वाचलंय मी तेही," ते हळू म्हणाले.

"मग?"

"ते साध्या माणसांचं झालं." आणि मग कठड्याकडे वळून, माझ्याकडे न बघता, "ती पायाळू आहे गं."

मला आधी वाटलं माझी चेष्टा चाललीय. मग त्यांचा हात बघितला. दुर्बिणीच्या पट्ट्याला पीळ घालत होता.

"भावजी, तुम्ही मंचावर…"

"मंचावर बोललो ते खरंच आहे! जमिनीवर पडत नाही वीज. मी कुठे नाही म्हणतोय? पण ढगात जाऊन कुणी बघितलंय? तिथे वीज पडत नाही, तिथे ती राहते. आणि त्यात लिहिलंय, विमानच ओढून घेतं. का ओढून घेतं? शंभर विमानं त्याच ढगातून जातात, त्यातलं एखादंच का? कोण बसलेलं असतं त्यात? हे कुणी तपासलंय?"

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण आम्ही शाळेत वहीत लिहून घेतली होती. ती एवढी अंगापिंडानं धडधाकट होऊन, दुर्बीण लावून माझ्यासमोर उभी राहील असं वाटलं नव्हतं. जन्मभर गावाची अंधश्रद्धा खणून काढली या माणसानं, आणि खणलेली सगळी घरी आणून ठेवली. गावानं निदान लाथेपुरतंच मानलं. यांनी तर विज्ञानाचा लेख घेतला आणि त्यातून वीज लागलेल्या विमानात पायाळूच बसलेला असतो याचा पुरावा काढला. इतकी हुशारी मी तरी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला. "अहो."

ताई जिन्याच्या दारात उभी होती. सुकेळी उलटायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"म्हणजे कंपनीनं रद्द नव्हतं केलं?"

"द्वारका, तू ऐक माझं."

"आणि माझा गुडघा सुजला होता. मलाच पत्ता नाही." ती पुढे आली, केळ्यांच्या सुपापाशी वाकली, एक एक केळं उलटायला लागली. "नेत्रा परवा मला म्हणाली, आई, तुला जमत नसेल तर नको येऊस. मला वाटलं, पोर माझा विचार करतेय. ती तसं म्हणत नव्हतीच."

"तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" भावजी एकदम मोठ्यानं म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मला तुझ्याशिवाय घरात दोन तास करमत नाही. तू भाजीला गेलीस तरी मी खिडकीत उभा राहतो. हसायचं तर हसा दोघी. मला भीती वाटते. झालं?"

मी हसले नाही. खरं सांगते, तेव्हा मला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाही राग आला.

ताई उभी राहिली. "ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "खिडकीतले तुम्ही मला कोपऱ्यावरून दिसता. पण मी तिला शब्द दिलाय, आणि तुम्ही तो माझ्या नावानं मोडत होतात. भीती तुमची आणि बदनाम माझा गुडघा!" मग माझ्याकडे वळून, "विनया, उद्याचं तिकीट काढ. कुठलंही. कसल्याही हवेतलं."

मी तिथेच उभी राहून काढलं. दुपारचं मिळालं. शस्त्रक्रियेच्या तारखेला अजून तीन दिवस होते. नेत्राला फोन लावून ताईच्या हातात दिला. ताई एवढंच म्हणाली, "उद्या येतेय गं बाय. काय झालं ते आल्यावर सांगते. तुझ्या बापाला ऐकवायला अख्खं आयुष्य पडलंय." पलीकडून नेत्रा रडत हसली, ते मला कठड्यापर्यंत ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी हवामानाचा इशारा आला, दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस. येणारच. भावजींनी ज्या ज्या गोष्टी सांगितल्या होत्या त्या एकीनंही दगा दिला नाही. सकाळपासून घाम, वारा पडलेला, डोंगरावर पांढरे ढीग. बेसिल गाडी घेऊन आला. भावजींनी बॅग खाली आणली, डिकीत ठेवली, परत काढून नीट ठेवली. ताई 'चला' म्हणाली नाही आणि ते गाडीत बसले नाहीत. फक्त खिडकीतून आत वाकून म्हणाले, "कानात कापूस घाल." ताईनं मान हलवली. त्यात किती माफी होती आणि किती नव्हती, मला सांगता येत नाही.

दुपारी मी वर गेले, नाही तर माणूस कठड्यावरून खाली पडायचा. एका हातात मोबाईल, दुर्बीण गळ्यात. ॲपवर ताईचं विमान पिवळ्या ठिपक्याएवढं. धावपट्टीवर होतं, हललं, निघालं. दक्षिणेकडचं आभाळ काळं झालं होतं आणि आमच्याकडे पहिले थेंब पडायला लागले होते.

"चढतंय," भावजी म्हणाले. "ढगात शिरलं."

तेवढ्यात फोन वाजला. ठिपका गेला आणि पडद्यावर मितेशचं नाव आलं. भावजींनी कापला. "बसली का विचारत असेल. नंतर सांगतो." ठिपका परत आला. पुन्हा फोन, पुन्हा मितेश, पुन्हा कापला. "अरे, आत्ता नको रे बाबा!"

मी म्हटलं, "घ्या तरी."

"त्याचा फोन आला की विमान दिसत नाही!"

आणि लखकन सगळं आभाळ पांढरं झालं. मागोमाग कडाड! असा आवाज की खालच्या गाड्यांचे भोंगे बोंबलायला लागले. भावजींनी डोळे मिटले. आमचे बुद्धिवादी भावजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होते, आणि ते हवामानशास्त्र नव्हतं. मी त्यांच्या हातातला मोबाईल ओढून बघितला. ठिपका होता. सरकत होता. समुद्रावर निघाला होता, जणू काहीच झालं नाही.

"आहे," मी म्हटलं. "जातेय तुमची बायको. बघा."

त्यांनी बघितलं आणि मटकन ओल्या गच्चीवर बसले. मग हसायला लागले, डोळे पुसत, लहान पोरासारखे. म्हणाले, "काही झालं नाही गं. विनया, काहीच झालं नाही." मीही हसले. पावसात भिजत दोघं हसत बसलो. त्या फोनचं नाव आमच्यापैकी एकानंही काढलं नाही. आठवण झाली ती खाली येऊन कपडे बदलल्यावर. मग मितेशला लावला तर लागेना. साईटवर असतो, तिथे नेहमीच लागत नाही.

दिवेलागणीला ताईचा फोन आला. भावजींनी तो पहिल्याच घंटेला उचलला आणि स्पीकरवर टाकला. मागे दवाखान्यासारखे आवाज होते, चाकांची गाडी ढकलल्याचे.

"पोचले," ताई म्हणाली. "मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

"झाली?" भावजी उडालेच. "आजच? तारीख तर…"

"दुपारी अचानक दुखायला लागलं. तारखेपर्यंत थांबता आलं नाही." ताईचा आवाज सपाट होता, दमलेला. "विमानाला वीज लागली हो. पंखावर. मोठा आवाज झाला. कॅप्टन म्हणाला, काळजी करू नका, असं होतं. शेजारच्या बाईनं माझा हात धरला. कुणाला काही झालं नाही."

नातीचा चेहरा, लेकीची तब्येत, विचारायला काय काय होतं. पण माणसाच्या तोंडाला जे वळण पडतं ते पडतं. त्यांच्या तोंडून निघालं, "चढताना की उतरताना?"

पलीकडे ताईनं श्वास घेतलेला ऐकू आला.

"चढताना," ती म्हणाली. "तेव्हाच इकडे नेत्राला आत घेत होते. मितेश साईटवर. शेजारीण सांगत होती, पोरीनं दाराशी गाडी थांबवायला लावली. म्हणाली, आई येतेय, दोन मिनिटं थांबा. नर्स थांबल्या दोन मिनिटं. मग आत नेलं."

भावजी मोबाईलवर दुपारचे मितेशचे ते दोन कापलेले फोन बघत राहिले.